मेंदूतल्या वणाची बखर

1871च्या सुमारास केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या आर्थर मायर्स नावाच्या तरुणाला अधूनमधून काही क्षण विचित्र वाटू लागलं. समोर जे घडतंय ते आपण आधी कधीतरी अनुभवलंय, आता पुढचंही आठवणारच, असं वाटायचं आणि मग मधली काही मिनिटं हरवून जायची. पुढच्याच वर्षी इकडे पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला आणि राजापूरच्या धूतपापेश्वराचं नाव त्याला दिलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण इथं जी हकिगत सांगायची आहे ती या दोन्ही गावांतून जाते: टेम्पोरल लोब, म्हणजे कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग, तिथं सुरू होणारा अपस्मार, तो वर्षानुवर्षं मेंदूत काय करत राहतो, आणि ते माणसाला कळायला किती वेळ लागला.

पनवेलच्या पूर्वेला, माथेरानच्या वाटेवर असलेलं सुकापूर आज न्यू पनवेलच्या इमारतींना खेटून उभं आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970मध्ये आणि वाशीला खाडीवर पूल झाला 1973मध्ये. त्याआधी या भागातल्या माणसाला परळच्या किंवा भायखळ्याच्या मोठ्या इस्पितळात रस्त्याने जायचं तर ठाण्यावरून वळसा पडे. घरात कुणाला फेफरं आलं की हाताशी असेल तेच औषध. कांदा फोडून नाकाशी धरायचा, नाहीतर पायातली चप्पल हुंगवायची, मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, तेवढ्यात कांदा फोडून होतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. ही पद्धत कोकणात आहे, घाटावर आहे, शहरातल्या लोकलच्या डब्यातही आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती टिकली, कारण ती दर वेळी 'लागू' पडते.

टेम्पोरल लोबचा अपस्मार मात्र या चित्रात बसतच नाही.

भाकरी थापणारी बाई मध्येच थांबते. पोटातून काहीतरी गळ्याकडे चढत गेल्यासारखं तिला वाटतं. कधी जळकट वास येतो, जो घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. मग नजर एका जागी खिळते. काही चघळत असल्यासारखे ओठ हलतात, एक हात पदराशी चाळा करत राहतो, दुसरा वाकडा ताठ होतो. हाक मारली तर ओ नाही. मिनिट-दीड मिनिटाने ती इकडेतिकडे बघते. तव्यावरची भाकरी करपलेली असते आणि ती कधी करपली हे तिला सांगता येत नाही. ती पडली नाही, तोंडाला फेस आला नाही, म्हणून घरच्यांच्या लेखी हे फेफरं नव्हेच. मग काय? कामात लक्ष नाही, ढोंग करते, किंवा बाहेरचं काहीतरी लागलंय. शेवटचं निदान झालं की पुढची वाट भगताकडे जाते. तिथं काय काय होत असे ते महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचली की कळतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल बुडवलेलं पाणी पाजणं, हे सगळं गुन्हा म्हणून तिथं नावानिशी लिहिलंय. जे कधी घडलंच नाही ते कायद्यात इतक्या तपशिलाने कुणी लिहीत नाही.

जुन्या वैद्यकाने मात्र या आजाराकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, हे मान्य करायला हवं. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान, दोन्हीकडे अपस्माराचे स्वतंत्र अध्याय आहेत. झटके पंधरवड्याने, बारा दिवसांनी, महिन्याने येतात, म्हणजे मध्ये खंड पडतो, हे तिथं नोंदलंय. पाणी, आग, झाड, डोंगर यांपासून रुग्णाला सदैव जपावं, असाही सल्ला आहे. विहिरी आणि चुली असलेल्या कोणत्याही गावात आजही तो शब्दशः लागू आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हा आजार दीर्घकाळ चालतो आणि एकदा शरीरात ठाण मांडून बसला की उपचाराला सहसा दाद देत नाही, हे चरकाने स्पष्ट सांगितलंय. ब्राह्मी घृत आणि पंचगव्य घृत हे तिथलेच पाठ. ते पुढे छापील सूचिपत्रांतून आणि काचेच्या बरण्यांतून घरोघरी गेले. या औषधांनी झटके थांबतात, असं आधुनिक कसोटीवर सिद्ध झालेलं नाही. पण आजार मुक्कामाला येतो आणि वेळेबरोबर मुरत जातो, हे निरीक्षण पक्कं होतं. त्याचा पुरावा मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

केंब्रिजचा तो मायर्स पुढे डॉक्टर झाला. लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन या मज्जाविकारतज्ज्ञाने त्याचा आजार बारकाईने नोंदवला आणि त्याची ओळख झाकण्यासाठी त्याला 'झेड' म्हटलं. त्यातला एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झालाय. फुप्फुसाची तक्रार घेऊन आलेल्या एका तरुण रुग्णाला झेड तपासणार होता. तेवढ्यात झटका येतोय हे त्याला जाणवलं. स्टेथोस्कोप काढून बोलणं टाळण्यासाठी तोंड फिरवल्याचं त्याला आठवत होतं. त्यानंतर भानावर आला तेव्हा तो टेबलाशी बसून दुसऱ्याच माणसाशी बोलत होता. रुग्ण खोलीत नव्हता. चौकशी केली तर कळलं, त्याने रुग्णाला तपासलं होतं, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचं लिहून दिलं होतं आणि ताबडतोब झोपून राहायला सांगितलं होतं. धास्तावून त्याने रुग्णाला पुन्हा तपासलं. निदान बरोबर होतं. हात, कान आणि लेखणी चालू. आठवण मात्र बंद.

1894मध्ये मायर्स क्लोरल या झोपेच्या औषधाचा अतिरेक होऊन वारला. शवविच्छेदनात डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या घडीत, अंकस नावाच्या वळणात, एक इवलीशी पोकळी सापडली. 1898मध्ये जॅक्सन आणि वॉल्टर कोलमन यांनी ते प्रसिद्ध केलं. स्वप्नासारखी अवस्था, तोंडाची चघळण्याची हालचाल आणि मेंदूतली ही नेमकी जागा यांची गाठ तिथं पडली.

खरं तर त्या जागेचा सुगावा त्याआधीच लागला होता. पॅरिसमध्ये 1825मध्ये बूशे आणि काझोव्हिये या दोघांना फेफऱ्याने मेलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस घट्ट, आक्रसलेला आढळला. टेम्पोरल लोबच्या पोटात दडलेला हा भाग नव्या आठवणी साठवण्याचं काम करतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 1880मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म सोमरने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पेशी सरसकट मरत नाहीत. हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट पट्ट्यातल्याच मरतात आणि शेजारच्या पट्ट्यातल्या जिवंत राहतात. तो पट्टा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. मग वाद सुरू झाला आणि शंभर वर्षं चालला: हा वण झटक्यांमुळे पडतो, की वणामुळे झटके येतात? 1881मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्सने आपल्या ग्रंथात मत मांडलं की प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सोपी करतो. आजार स्वतःच स्वतःला पोसतो, असा त्याचा अर्थ. गॉवर्सजवळ ना ईईजी होता ना एमआरआय. होता तो फक्त हजारावर रुग्णांच्या नोंदींचा गठ्ठा.

औषधांची कथा थोडक्यात उरकता येते. 1857मध्ये ब्रोमाइड आलं. त्याने झटके कमी होत, पण माणूस सुस्त होई आणि अंगावर पुळ्या येत. 1912मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने फेनोबार्बिटॉन दिलं. मराठी घरांत ते 'गार्डिनल' म्हणून पोचलं आणि सरकारी दवाखान्यांतून अजूनही मिळतं. 1938मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणलं, आपल्याकडचं 'एप्टॉइन', ज्याने हिरड्या सुजतात आणि तरीही लाखोंचे झटके थांबले. पुढे कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट, आणि आज सुकापूरच्या मेडिकलमध्येही चिठ्ठी दाखवली की मिळणारं लेव्हेटिरासिटॅम. सगळी औषधं झटका दाबतात. मेंदूतला वण पुसणारं औषध अजून निघालेलं नाही.

औषध लागू न पडणाऱ्यांचं काय होई? ब्रिटिश राजवटीत वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत 'एपिलेप्सी' हा रकाना असेच. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901मध्ये सुरू झालं, 1912मध्ये ल्युनसी कायदा आला, आणि मज्जासंस्थेचा आजार अन् मनाचा आजार एकाच दारातून आत जात राहिले. टेम्पोरल लोबच्या रुग्णांवर हा अन्याय विशेष झाला असणार. त्यांचं भान गेलेलं असताना हातपाय चालू असतात, कुणी धरलं तर ते झटकून देतात, आणि बघणाऱ्याला ते वेड वाटतं.

हान्स बेर्गरने 1929मध्ये मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला आणि चित्र पालटलं. 1930च्या दशकात बोस्टनमध्ये गिब्ज आणि लेनॉक्स यांनी अशा गप्प झटक्यांना 'सायकोमोटर' म्हणून वेगळं केलं. माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड जागेपणी मेंदू उघडून झटक्याचं मूळ शोधत होते. त्यांच्याकडे शिकून आलेले जेकब चँडी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते, आणि भारतातली अपस्माराची पहिली शस्त्रक्रिया त्यांनी तिथं ऑगस्ट 1952मध्ये केली. वर्षभराने अमेरिकेत हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल यांनी 27 वर्षांच्या हेन्री मोलेसनच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. झटके कमी झाले, पण त्यानंतर 2008मध्ये मरेपर्यंत हेन्रीला एकही नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. जेवण झालंय हेही त्याला सांगावं लागे. जगाला हिप्पोकॅम्पसचं काम कळलं ते या माणसाच्या नुकसानीतून. तेव्हापासून शस्त्रक्रिया एकाच बाजूची करायची आणि आधी दुसऱ्या बाजूची स्मरणशक्ती तपासून घ्यायची, हा दंडक पडला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: वेळेबरोबर मेंदूत बदलतं काय?

गॉवर्सच्या म्हणण्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो 1967मध्ये. ग्रॅहम गॉडर्ड हा संशोधक उंदरांच्या मेंदूत, टेम्पोरल लोबमधल्या अमिग्डला या भागात, रोज अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडत होता. पहिल्या दिवशी काहीच होत नसे. प्रवाह इतका क्षीण की उंदीर चालता चालता थांबतही नसे. काही दिवसांनी तोच प्रवाह दिला की तोंड हलायला लागे, मग पुढचा पाय थरथरे, आणि दोनेक आठवड्यांत पूर्ण आकडी येऊ लागे. प्रवाह तेवढाच, बदलला होता मेंदू. त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे आहे. या उंदरांना कित्येक आठवडे काहीही न करता सोडून दिलं आणि पुन्हा तोच सौम्य प्रवाह दिला, तरी आकडी येतच राहिली. मेंदू जे शिकला होता ते विसरला नव्हता.

माणसाच्या मेंदूत हे जसंच्या तसं घडतं का, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि ते बरंच आहे. उंदरावरून माणसाबद्दल बेधडक बोलणाऱ्यांपासून सावध राहावं. पण शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसचे काप 1980च्या दशकात तपासले गेले तेव्हा आतली मोडतोड स्पष्ट दिसली. सोमरच्या पट्ट्यातल्या पेशी मेलेल्या. त्यांच्या जागी आधारपेशींची घट्ट जाळी, म्हणजेच वण. आणि जिवंत राहिलेल्या पेशींनी, ज्यांच्याकडे संदेश पाठवायचा ते शेजारी उरले नाहीत म्हणून, आपले तंतू मागे वळवून आपल्यासारख्याच पेशींना जोडलेले. खांबावरची अधिकृत जोडणी तुटल्यावर लोक तारांवर आकडे टाकून वीज घेतात आणि मग सगळ्या आळीचे दिवे एकदमच लुकलुकायला लागतात, तसला हा प्रकार. एका पेशीची उत्तेजना फिरून तिच्याकडेच परत येते. याला वैज्ञानिक मॉसी फायबर स्प्राउटिंग म्हणतात. त्या शंभर वर्षांच्या वादाचं उत्तरही यात आहे: वण आणि झटका दोन्ही एकमेकांना जन्म देतात.

या आजाराला स्वतःचं एक पंचांग आहे, आणि ते बहुतेकदा बालपणात सुरू होतं. लंडनमध्ये 1950च्या दशकात मरे फाल्कनर टेम्पोरल लोबचा तुकडा अखंड काढत आणि मेयर व बेक हे विकृतिशास्त्रज्ञ तो तपासत. वण सापडलेल्या रुग्णांच्या पूर्वेतिहासात त्यांना वारंवार एकच गोष्ट दिसली: वयाच्या पहिल्या काही वर्षांत तापात आलेली दीर्घ आकडी. अमेरिकेत अर्धा तास किंवा अधिक काळ तापाची आकडी आलेल्या 191 मुलांचा एमआरआय काढला, तेव्हा 22 जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सूज दिसली. हा अभ्यास 2012चा. त्या मुलांपैकी ज्यांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय झाला, त्यांतल्या बहुतेकांत सुजेच्या जागी वण तयार झालेला होता. म्हणजे वण पडताना प्रत्यक्ष पाहिला गेला. इथं आईवडिलांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी: तापात येणारी साधी, दोन-पाच मिनिटांची आकडी मुलांमध्ये बऱ्यापैकी आढळते आणि तिने सहसा काहीही नुकसान होत नाही. धोका लांबलेल्या आकडीचा आहे. पाच मिनिटांत थांबली नाही तर कांदा शोधू नये, रिक्षा शोधावी.

ताप उतरतो, मूल खेळायला लागतं, आणि मग काही वर्षं काहीच घडत नाही. हा मधला काळ फसवा असतो. आतमध्ये तंतू वळत असतात, जोडण्या बदलत असतात. पहिला गप्प झटका येतो तो शाळेच्या शेवटच्या वर्गांत किंवा पौगंडावस्थेत. औषध सुरू होतं आणि बरेचदा लागू पडतं. दोन-तीन वर्षं झटका नाही, घरचे म्हणतात, आता बरी आहे, गोळ्या बंद करू. त्यानंतर विशीत तो परत येतो, आणि या वेळी पूर्वीच्या गोळीला दाद देत नाही. सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं नाही. काहींचा आजार आयुष्यभर सौम्य राहतो. पण हिप्पोकॅम्पसमध्ये वण असलेल्यांत ही चाल इतक्यांदा दिसते की मज्जाविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीतच विचारतात: लहानपणी तापात फिट आली होती का? उत्तर बहुधा आजीकडे असतं.

पुढच्या वर्षांत खर्च होते ती स्मरणशक्ती. अनेक अभ्यासांत आजाराची वर्षं जितकी जास्त, तितका हिप्पोकॅम्पस लहान आढळलाय. डावी बाजू बिघडली की शब्द, नावं, नुकतंच वाचलेलं निसटतं. उजवी बिघडली तर चेहरे आणि रस्ते लक्षात ठेवणं काहींना जड जातं. नैराश्य तर या रुग्णांत इतकं सर्रास आहे की ते आजाराचाच भाग मानायला हवं. नोकरीवर बोलणी खाणाऱ्या, निरोप विसरणाऱ्या माणसाला 'हल्ली तुझं लक्ष नसतं' असं म्हटलं जातं. लक्ष असतं, ते ठेवायची जागा झिजलेली असते.

भारतात या बखरीला एक जास्तीचं पान आहे. पुण्यात आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांच्या रुग्णांचे सीटी स्कॅन मांडले. त्यांत अनेकांच्या मेंदूत कड्यासारखे छोटे डाग दिसत होते. असे डाग तेव्हा क्षयाच्या गाठी समजून टीबीची औषधं दिली जात, आणि कित्येकदा डाग काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होत. पुढे वेल्लोरमधल्या कामातून बऱ्याच डागांचं मूळ कळलं: डुकरामार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी, जी अस्वच्छ हातांतून, नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. शाकाहारी माणसालाही ती सोडत नाहीत. डाग विरला तर प्रश्न मिटतो. पण काहींत तो चुन्याच्या कणासारखा कायम राहतो आणि वर्षांनंतर त्याच रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही वण आढळतो. तापाची आकडी आणि कृमीचा डाग, दोन्ही वाटा शेवटी त्याच जागी येऊन मिळतात.

मुंबईत मज्जाविकारशास्त्र 1950च्या दशकात उभं राहिलं: केईएममध्ये डॉ. एडी भरुचा, जेजेमध्ये डॉ. नोशीर वाडिया. 1970मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झाली, तिच्यामागे एडी भरुचा होते. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत 14,010 लोकांची पाहणी केली. 1988मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार दर हजारी 4.7 जणांना आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झाला होता. म्हणजे दोनशे घरांच्या कुठल्याही संकुलात असे दोन-चार जण असायचेच. शेजाऱ्यांना ते माहीत नसतं, आणि त्याला कारण आहे लग्न. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात 'वारंवार येणारे वेडाचे किंवा अपस्माराचे झटके' ही अपात्रता घातली गेली. वेड आणि अपस्मार पुन्हा एका दारात. असा विवाह रद्द करून घेता येत असे. साहजिकच घरोघर एकच धोरण ठरलं: गोळ्या लपवा, स्थळ येईपर्यंत बोलू नका, आणि लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून गोळी बंद करा. गोळी अचानक बंद केली की झटके उसळून येतात, सलग येऊ शकतात, जिवावरही बेततं. कायद्याने आजार वाढवला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. 'अपस्मार' हा शब्द त्या कलमातून निघाला 1999मध्ये. असाच कलंक कायद्यात कुष्ठरोगालाही होता. सुकापूरच्या पुढे माथेरानच्या त्याच रस्त्यावर नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे. त्या आजाराला घटस्फोटाच्या कारणांतून काढायला तर 2019 उजाडलं.

समाजाची ही गाठ सोडवायचं काम आता रुग्णच करू लागलेत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अपस्माराबद्दल उघडपणे बोलून 'संवेदना' हा आधारगट उभा केला. डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानाबरोबर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत शिबिरं घेतली. 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो.

शस्त्रक्रियेचं गाडं मात्र फार सावकाश चाललं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995मध्ये टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियांचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि पनवेलच्या रुग्णाला तिथं कोकणमार्गे गाडीने जाता येऊ लागलं. आज परळच्या केईएममध्येही ही शस्त्रक्रिया होते. तिचा उपयोग किती, हे कॅनडात तोलून पाहिलं गेलं आणि 2001मध्ये प्रसिद्ध झालं. टेम्पोरल लोबच्या अपस्माराचे 80 रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के लोक भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. फक्त औषधं घेणाऱ्यांत 8 टक्के. त्या औषधांच्या गटातला एक जण दरम्यान दगावलाही. शस्त्रक्रियेचे धोके आहेत, शब्दांच्या आठवणीवर परिणाम होऊ शकतो, आणि ती सगळ्यांना लागू नाही. पण 58 आणि 8 यांतलं अंतर डोळेझाक करण्याजोगं नाही.

तरीही जगभर, श्रीमंत देशांतसुद्धा, पहिला झटका आणि शस्त्रक्रिया यांच्यात सरासरी वीसेक वर्षं जातात. अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010मध्ये नियम घालून दिलाय: नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि न चुकता घेतलेली दोन औषधं हरली की आजार औषधांना न जुमानणारा मानावा. कारण ग्लासगोच्या अभ्यासात पहिल्या गोळीने 47 टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्या गोळीने आणखी 13 टक्क्यांचे, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून जेमतेम 4 टक्क्यांचे. तेव्हा घरात कुणी असं मध्येच हरवत असेल आणि दोन गोळ्या होऊन गेल्या असतील, तर तिसरी, चौथी बदलत वर्षं घालवू नयेत. झटका येताना मोबाइलवर चित्रफीत काढावी, लहानपणच्या तापाची हकिगत आजीला विचारून लिहून ठेवावी, आणि अपस्मार-प्रोटोकॉलचा एमआरआय व व्हिडिओ-ईईजी जिथं होतो अशा केंद्रात नाव घालावं. पनवेलहून केईएमला जायला कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, एवढंच.